तात्यांच्या गाडीची थरथर

आमचे शेजारी दिनकरतात्या एकदा मला युसूफ वडगावहून केजला घेऊन निघाले, तेव्हा माझ्या मांडीवर दह्याची बरणी होती. उतरलो तेव्हा तिच्यात ताक होतं. वर लोण्याचा गोळाही, म्हणजे गाडीनं काम अर्धवट सोडलं नव्हतं.

तात्यांची गाडी जुनी, पेट्रोलची. चार सिलिंडर, तीन कामाला, चौथं लहर लागली तर. सकाळी चोक ओढल्याशिवाय उठायची नाही. उन्हाळ्यात इंजिन तापून मधेच बसली, की तात्या डोक्याचा पटका भिजवून इंजिनातल्या पेट्रोलपंपावर गुंडाळायचे. "हिला ऊन सोसत न्हाई. लई नाजूक!"

आणि थरथर! इंजिनाखालचे रबर पार झिजलेले. गाडी सुरू झाली की काचा, दारं आणि म्हाताऱ्यांच्या कवळ्या एका तालात वाजायच्या. "तात्या, रबर बदला की," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "इंजिन हाय बे ते, देव्हारा न्हाई. हलनारच!" गावानं त्यांना चिक्कू ठरवून टाकलं होतं.

मागच्या महिन्यात कार्बोरेटर साफ करायला गाडी केजच्या सलीमभाईंकडं गेली. सलीमभाई मेकॅनिक, पण तात्यांवर भारी माया. त्यांनी न विचारता, फुकटात, नवे रबर टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, डोळे केजच्या दवाखान्यात दाखवायचे होते. मीही मागं बसलो. मोठ्या आजारात काकूंचे दोन्ही कान गेलेले. तात्यांनी गाडी सुरू केली. इतकी गुळगुळीत, की मी टाळीच वाजवली.

गाडी अजून दारातच उभी होती. काकू डॅशबोर्डवर तळवा ठेवून बसल्या होत्या. जरा वेळानं म्हणाल्या, "आवो, कावून बसलाव? चालू करा की."

तात्यांनी खुणेनं सांगितलं, चालूच हाय.

"मग मला कावून कळंना?" काकूंनी तळवा उचलून पाहिला, परत ठेवला. "बाकी कुनाचा न्हाई, पन हिचा आवाज यायचा मला. हातातून."

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गाडी थेट सलीमभाईंच्या दारात नेली. "जुने रबर फेकलेस का बे?"

भंगाराच्या डब्यातून ते निघाले. सलीमभाईंनी एकदा काकूंकडं बघितलं आणि पाना हातात घेतला.

गाडी सुरू झाली. माझे दात वाजायला लागले. काकूंनी तळवा टेकवला आणि खुदकन हसल्या. "चौथ्याचा प्लग मिस मारतोय बघा!"

दवाखान्याचं वळण आलं. काकूंचा तळवा अजून डॅशबोर्डवरच होता. तात्यांनी गाडी वळवली नाही. मीही आठवण केली नाही.