म्हशीचा कॉल तोडणार नाही!

चालू सर्व्हर बदलायचा आणि कुणाला पत्ताही लागू द्यायचा नाही, हे काम पौडमध्ये घरी बसून मी चहा पिता पिता करते! जनार्दन सरांना मी सकाळी अकरालाच सांगून टाकलं, "सर, एकही कॉल तुटणार नाही. तुटला तर नावाची जस्मीन नाही!"

आमची कंपनी हिंजवडीत. गावातल्या गोठ्यातून जनावरांच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून देते. जुन्या सर्व्हरमध्ये भोक सापडलं होतं, चोर शिरण्याजोगं. म्हणून शेजारी नवा उभा केला. पद्धत पंगतीसारखी! नवे पाहुणे, म्हणजे नवे कॉल, नव्या मांडवात. जुनी पंगत जेवून उठली की जुना मांडव मोडायचा.

एक वाजेपर्यंत सगळे उठले. एक पान मात्र उठेना!

नोंद पाहिली : गंगूबाई, कोळवण. म्हैस अडली आहे. डॉक्टर हेमलता, बावधन.

कॉलमध्ये डोकावायची आम्हाला परवानगी नाही. गंगूबाईंना फोन लावला, उचलला नाही. डॉक्टरांनीही नाही. कशा उचलतील? तिकडे जिवाची झुंज चाललेली!

दोन वाजले. तीन वाजले. सरांचा फोन.

"जस्मीन, चारला जुना सर्व्हर बंद. तोड तो कॉल!"

"नाही तोडणार!"

"पाच सेकंदांत परत जोडतील की!"

"सर, तुमचं ऑपरेशन चालू असताना डॉक्टर पाच सेकंद गायब झाले तर चालेल?"

फोन ठेवला आणि त्याच तिरीमिरीत कंपनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'मुक्या जिवाचा प्रश्न आहे. कॉल तोडायचा तर आधी मला काढा!'

झालं! ग्रुप पेटला. चारशे लोक, चारशे हात जोडलेले! हिशोबनीस पायल रडायलाच लागली. लखनौचा एकजण दर पाच मिनिटांनी विचारी, "भैंस कैसी है?" टेस्टिंगवाल्या ओमने तर ती सुटेपर्यंत चहा सोडला! सर एकटे पडले. पण चार वाजताच गरजले, "आता समक्ष जा, नाहीतर मी तोडतो!"

अब्बांची स्कूटर काढली आणि कोळवण गाठलं. गोठ्यात शिरले, तर गंगूबाई पाटावर ताठ बसलेल्या, डोक्यावर पदर. समोर खांबाला बांधलेला फोन. मी धापा टाकत विचारलं, "मावशी, म्हैस कशी आहे?"

"झ्याक हाय की! ती बग, रेडी चाटतीया."

"व्याली? कधी?"

"साडेबाराला."

मी खांबावरच्या फोनकडे बोट दाखवलं. "मग फोन का चालू?"

"डॉक्टरीणबाई म्हनल्या, रेडीमागनं वार पडंस्तवर बंद करू नगा."

"आणि वार?"

"दोनलाच पडली. सांगितलं मी त्यास्नी. काय बोलंनात. मोठ्या मान्सानं चालू ठिवलेला फोन आपुन कसा बंद करायचा? मी बी उठले न्हाई हितनं."

"मी किती फोन केले!"

"वाजत हुता खरा. पर ह्यो सोडून त्यो कसा घ्यायचा?"

मी पडद्यात पाहिलं. डॉक्टरबाईंचा फोन टेबलावर उताणा पडलेला. त्या केव्हाच दुसऱ्या जनावराला तपासायला गेल्या असाव्यात. दिसत होता फक्त छताचा पंखा. गरगर फिरणारा!

मी लाल बटण दाबलं. शेवटचा कॉल संपला आणि जुना सर्व्हर आपोआप बंद झाला.

लगेच सरांचा फोन. मागे सगळं ऑफिस श्वास रोखून उभं.

"सुटली?"

"सुटली, सर! रेडी झाली!"

टाळ्या, शिट्ट्या! पायलचा हुंदका स्पष्ट ऐकू आला. मग सरांनी नको तो प्रश्न विचारला.

"किती वाजता?"

खोटं बोलणं आपल्या रक्तात नाही. सगळं सांगितलं.

"म्हणजे चार तास," सर हळूच म्हणाले, "आपण एका पंख्यासाठी थांबलो?"

मी मान ताठ केली.

"हो सर. पण चार तासांत एकदाही अडकला नाही!"