मुकुटवाल्या बेडकाची उडी

बेडूक हवेत असतानाच दारावरची बेल वाजली आणि जावईबापूंनी दचकून थांबायचं बटण दाबलं. टीव्हीवरचा बेडूक चारी पाय फाकवून काळ्याकुट्ट खड्ड्यावर लटकला आणि मघापासून टुंग टुंग वाजणारं संगीत गप्प झालं.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? उठा, दार उघडा, परत येऊन खेळा. असं म्हणणाऱ्या माणसाने जुने व्हिडिओ गेम कधी खेळलेले नसतात, एवढंच त्यावरून कळतं. आपल्या जावईबापूंना मात्र त्यांचं वेड होतं. भंगारवाल्याच्या पोत्यातून काढलेल्या, ओळखीपाळखीच्या लोकांच्या माळ्यांवरून मागून आणलेल्या, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून चकचकीत केलेल्या कॅसेटींनी घरातलं एक अख्खं कपाट भरलं होतं. त्या खेळांचं चित्र नव्या सपाट टीव्हीवर बरं दिसत नाही, या एका कारणासाठी हॉलमध्ये अजून जुना, ढेरपोट्या डबा टीव्ही नांदत होता. आणि या सगळ्या गोतावळ्यात मुकुटवाला बेडूक हा जुना वैरी. बेडूकराजाला त्याच्या राजवाड्यात पोचवायचं, असा तो खेळ. मिसरूड फुटायच्या आधीपासून जावईबापू त्याला शेवटच्या टप्प्यातल्या या खड्ड्यापर्यंत आणत होते आणि बेडूक इमानेइतबारे खड्ड्यात पडत होता. पलीकडे काय आहे, ते त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. बरं, खेळ मध्येच साठवून ठेवायची सोय नाही. यंत्र बंद झालं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात आज बेडकाचा शेवटचा जीव उरला होता.

बेल पुन्हा वाजली. जावईबापूंनी यंत्रावर टेबलक्लॉथ फेकला आणि दार उघडलं. दारात सासरे उभे.

"सर, तुम्ही? तुम्ही तर उद्या येणार होतात ना?"

"आजची गाडी मिळाली. उद्यापर्यंत स्टेशनावर बसून राहू का?"

सासरे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळी दुनिया त्यांना हेडसर म्हणायची, जावईसुद्धा. गणित शिकवण्यात हयात गेली होती आणि व्हिडिओ गेम म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा उद्योग, हे त्यांचं ठाम मत होतं. बॅग खाली ठेवता ठेवताच त्यांची नजर टीव्हीवर गेली.

"हे काय?"

"टीव्ही अडकलाय," जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं.

"बेडकावर?"

"हो ना. लहान मुलांचा कार्यक्रम लागला होता."

"मग बंद करा की."

जावईबापू झटकन टीव्हीच्या आडवे आले. त्या टीव्हीचं बटण दाबायला पैलवानाचा अंगठा लागायचा आणि दाबलं की खालचं स्टँड गदागदा हलायचं. त्याच स्टँडवर ते यंत्र होतं आणि यंत्र इतकं म्हातारं, की जरासा धक्का लागला तरी खेळ तिथल्या तिथे खलास.

"बंद केला तर परत लागणार नाही," ते म्हणाले. "याचे पार्ट मिळत नाहीत आता. आपोआप सुटेल. हात नाही लावायचा."

बायकोने हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तिने नवऱ्याला खुणेने आत बोलावलं.

"बेडूक ना?"

"शेवटचा टप्पा आहे गं. खड्ड्याच्या वर आहे तो."

"कमाल आहे तुमची! आणि मी बाबांना काय सांगून ठेवलंय माहितीये? सुट्टीच्या दिवशी तुम्ही दातांवरची पुस्तकं वाचता म्हणून."

"दातांवरची पुस्तकं?"

"मग काय सांगू? बेडूक उडवतात म्हणून?"

जावईबापूंचा धंदा कवळ्या तयार करायचा. मागच्या खोलीत त्यांचं छोटंसं वर्कशॉप होतं. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, हे कवळ्या करून द्यायचे. हात असा सफाईदार, की त्यांची कवळी घालून माणूस हसला तर त्याच्या सख्ख्या भावालाही पत्ता लागू नये. हे सगळं हेडसरांना मनापासून आवडायचं. जावई कष्टाळू आहे, वाचन करतो, व्यसन नाही, असं ते चारचौघांत सांगायचे.

"हे बघा," बायको म्हणाली, "बाबा फिरायला बाहेर पडले, की तेवढ्यात काय ती उडी मारून टाका आणि तो टीव्ही मोकळा करा."

पण हेडसरांचा गुडघा प्रवासात आखडला होता. ते बाहेर पडायचं नावच घेईनात. झोपायलाही हॉलमधलाच दिवाण. बातम्या बघायची सवय असल्यामुळे खुर्ची टीव्हीसमोर ओढून बसले आणि बातम्या नव्हत्या म्हणून बेडकाकडे बघू लागले. अर्धा दिवस एकच चित्र बघितलं की माणूस त्याच्यावर विचार करायला लागतो. हेडसरांचं तसंच झालं.

"जावईबापू, हा पडणार बरं का."

"कोण?"

"बेडूक. उडी कमी पडतेय त्याची."

जावईबापूंच्या वर्मी घाव बसला. कारण त्यांना स्वतःलाही तीच धास्ती होती.

तेवढ्यात शेजारच्या काकू इस्त्रीचे कपडे चुकून आपल्याकडे आले म्हणून ते द्यायला आल्या आणि टीव्ही बघून तिथेच थबकल्या.

"अगंबाई, गोड आहे की! पण पडत नाही हो तो. डोक्यावर मुकुट आहे त्याच्या. मुकुटवाले असे पडत नसतात."

"मुकुटाने वजन वाढतं, बाई," हेडसर म्हणाले. "उलट लवकर पडेल."

काकूंना हे मुळीच पटलं नाही. कपडे देऊन झाल्यावरही त्या बराच वेळ मुकुटाची बाजू लढवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू दाढी करता करता बाहेर येतात तो हॉलमध्ये वायरमन हजर! हेडसरांनी लेकीकडून नंबर घेऊन परस्पर फोन केला होता. तिनेही दिला, कारण बापाला नंबर का द्यायचा नाही हे काय सांगणार?

"तुमच्याने होईना, म्हणून मीच बोलावलं," हेडसर म्हणाले. "टीव्ही अडकतो म्हणजे लाइनीतच काहीतरी दोष असणार."

"आधी मेन स्विच पाडतो," असं म्हणून वायरमन दारामागच्या मीटरकडे वळला.

जावईबापू तोंडाला साबण लागलेला तसाच घेऊन धावले आणि दोन्ही हात पसरून मीटरला पाठ लावून उभे राहिले.

"मेन नाही पाडायचा!"

"का बरं?" हेडसरांनी विचारलं.

"आत... आत कवळी शिजतेय!"

"शिजतेय?"

"म्हणजे गरम पाण्याच्या यंत्रात आहे. वीज गेली की कच्ची राहील. एका नामवंत गायकाची आहे. तान घेताना बाहेर आली म्हणजे?"

कामाचं नाव काढलं की हेडसर विरघळायचे. त्यांनी लगेच वायरमनला हात केला. "राहू दे रे बाबा. आधी काम." जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. खरं तर आत यंत्रही बंद होतं आणि गायकही नव्हता. बायको मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवऱ्याकडे अशी बघत होती, की साबण वाळून गेला.

"मग नुसता टीव्ही बघतो," वायरमन म्हणाला, पुढे झाला आणि चित्र बघून त्याच्या हातातली पक्कडच खाली पडली. "अरे देवा! खड्डा!" तो पुटपुटला. त्याने टेबलक्लॉथखालून डोकावणारी वायर पाहिली, मग जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापूंनी साबणासकट हात जोडले. वायरमनने घसा खाकरला.

"साहेब, हा टीव्ही फार नाजूक झालाय. कुणी हात लावू नका. मी जरा इथेच बसून लक्ष ठेवतो."

"बसा," हेडसर म्हणाले. "तेवढ्यात मी माझं काम उरकतो." त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली. रात्रभर विचार करून त्यांनी सकाळी उठल्या उठल्या ती मागून घेतली होती. ते टीव्हीजवळ गेले, काचेवर पट्टी टेकवली आणि मापं घेऊन कागदावर मोठी कमान काढली. पट्टी काचेला लागून टक्क वाजली, की इकडे जावईबापू अंगभर शहारायचे.

"झालं सिद्ध," हेडसर कागद उंच धरून म्हणाले. "उडीचा वेग, चढण आणि उतार धरला, तर बेडूक पलीकडच्या काठाच्या बोटभर अलीकडे पडतो. शंका?"

"नाही सर," वायरमन उसासा टाकून म्हणाला. "पडतोच तो. पोचायची सोयच नाही."

जावईबापूंनी इतका वेळ जीभ चावून धरली होती. पण माणसाने सहन तरी किती करायचं?

"पडतोच काय, पडतोच काय! हवेत असताना बटण दाबून धरलं तर वीतभर पुढे जातो तो! लोक घाबरून बटण सोडतात म्हणून पडतो!"

बोलून झालं आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोललो. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कसलं बटण, जावईबापू?"

आता लपवून ठेवण्यात अर्थच नव्हता. जावईबापूंनी टेबलक्लॉथ उचलला. यंत्र, कॅसेट, कंट्रोलर, सगळं उघड्यावर आलं. "टीव्ही अडकलेला नाही, सर. मी खेळत होतो. तुम्ही आलात म्हणून थांबवला. पुस्तकंबिस्तकं काही वाचत नाही मी. हेच करतो."

"बाबा, ते पुस्तकांचं मी सांगितलं होतं," बायको पुढे येत म्हणाली.

हेडसरांचा चेहरा लालबुंद झाला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"म्हणजे," हेडसर म्हणाले, "बटण दाबून धरता येतं ही माहिती तुमच्याकडे पहिल्यापासून होती? आणि काल सकाळपासून मी इथे अपुऱ्या माहितीवर डोकेफोड करतोय? अहो, उदाहरणात जे दिलंय ते तरी नीट सांगायचं! सोडवणारा माणूस मूर्ख ठरतो अशाने!" त्यांनी कागद टराटरा फाडला. "धरा ते बटण आणि दाखवा."

जावईबापूंनी कंट्रोलर हातात घेतला, पण त्यांचा अंगठा काही बटणावर जाईना. रोज चिमुकले दात मेणात बसवणारा अंगठा!

"थांबवताना बटण सुटलं होतं, सर. आता ते आधी दाबायचं आणि त्याच क्षणी खेळ सोडायचा. जरा मागेपुढे झालं तरी गेला. लहानपणी रोज यायचो इथपर्यंत. सगळी पोरं मागे उभी असायची, रोज पडायचो आणि रोज हसायची ती. पुढे ती पोरं पांगली, पण हा खड्डा काही मनातून गेला नाही. लोकांना वाटतं मी मजेसाठी खेळतो. मला फक्त एकदा पलीकडे जायचंय हो."

हेडसरांनी दुसरी खुर्ची आपल्या खुर्चीला चिकटवली. "या, माझ्याशेजारी बसा. इथे कुणी हसणार नाही. हसलं तर मी बघतो."

बायकोने गॅस बंद केला आणि येऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत असावं, कारण त्या न बोलावता येऊन उभ्या राहिल्या. वायरमन मीटरपाशी गेला आणि आता कुणाची माय व्यालीये मेन पाडायला, अशा थाटात हाताची घडी घालून उभा राहिला.

"दाबा," हेडसर हळूच म्हणाले.

जावईबापूंनी दाबलं. संगीत टुंग टुंग सुरू झालं. बेडूक खाली येऊ लागला, खड्ड्याचा काठ जवळ आला, आणखी जवळ आला, आणि बेडकाच्या मागच्या पायांची बोटं काठावर टेकली. बेडूक डगमगला. सावरला. उभा राहिला!

मग काय विचारता! हेडसर गुडघा विसरून उभे राहिले आणि त्यांनी जावयाला कडकडून मिठी मारली. "शाब्बास रे माझ्या वाघा!" असं ते लग्नातही म्हणाले नव्हते. बायको रडत होती आणि हसतही होती. "मुकुट! मी म्हटलं नव्हतं? मुकुट!" काकू ओरडत होत्या. वायरमन मीटर सोडून येऊन सगळ्यांनाच मिठी मारत होता. जावईबापू सासऱ्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे हुंदके देत होते आणि कंट्रोलर त्यांच्या हातात तसाच लोंबत होता.

खड्ड्याच्या पलीकडे काय आहे, हे त्या घरातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. पलीकडे साप होता. तो सावकाश सरपटत आला. बेडूक मुकुट सावरून, राजाला शोभेल अशा ऐटीत, कुणीतरी बटण दाबेल याची वाट बघत उभा होता.

"टुंईईई," टीव्ही म्हणाला.

सगळे वळले. काळ्या पडद्यावर खेळ संपल्याची पांढरी अक्षरं लुकलुकत होती. काकूंनी तोंडावर पदर धरला, वायरमन पक्कड शोधायच्या निमित्ताने खाली वाकला.

"साप आहे पलीकडे," शेवटी जावईबापू म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "एवढी वर्षं मला ठाऊकच नव्हतं."

"जाऊ दे हो," बायको म्हणाली. "काठावर पोचलात ना? बाबा, तुम्ही आवरायला घ्या. संध्याकाळची गाडी आहे तुमची."

"ती रोज असते," असं म्हणून हेडसरांनी खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली, गुडघा चोळला आणि फूटपट्टी मांडीवर आपटली. "लावा, जावईबापू, पहिल्यापासून लावा. आणि सगळ्यांनी नीट ऐका. राजवाडा येईपर्यंत या खोलीत कुणीही कुणाला मिठी मारायची नाही."