जनाकाकूंच्या दयेचे न्याय्य वाटप

दया हे मनुष्यमात्राचे भूषण आहे, आणि भूषणांचा जो नियम तोच दयेसही लागू पडतो : ते शेजाऱ्याच्या अंगावर असले की डोळ्यांत भरते, स्वतःच्या अंगावर असले की जड होते. म्हणून सुज्ञ समाज दया एका व्यक्तीच्या ठिकाणी साठवून ठेवतो आणि बाकीचे लोक तेथून गरजेपुरती नेतात. विहिरीचेही असेच असते. प्रत्येकाने आपापली खणावी असा आग्रह कोणी धरत नाही.

आमच्या डोंबिवलीत १९५२ सालापर्यंत विहिरी पुष्कळ होत्या, परंतु ही दुसरी सोय नव्हती. ती उत्तराबाई गुप्ते यांच्यामुळे झाली.

उत्तराबाई विधवा, एकट्या, वय चाळिशीच्या आसपास. नाटकांत आणि चित्रपटांत लहानसहान कामे करीत. स्टेशनजवळच्या चाळीत त्यांना दोन खोल्या द्याव्यात की नाही, यावर रहिवाशांच्या दोन बैठका झाल्या होत्या. (पहिलीत ‘अशा बाईला’ देऊ नये असे ठरले. दुसरीत, त्या महिन्यातून वीस दिवस घरीच नसतात व विहिरीवरचा त्यांचा भार अल्प राहील हे निदर्शनास आल्यावर, कलेविषयी आदर व्यक्त करण्यात आला.) पुढे तीन वर्षे त्यांच्याशी कोणी फारसे बोलले नाही. त्या काळात आमचे गाव सुखी होते, पण अपूर्ण होते.

मग तो चित्रपट आला. त्याचे नाव सांगत नाही. प्रत्येक मराठी वाचकाने तो दोनदा पाहिला आहे, आणि पाहिला नसल्यास पाहिल्याचे सांगितले आहे. त्यात उत्तराबाई जनाकाकू झाल्या आहेत. जनाकाकू ही नायकाची गरीब शेजारीण. ती स्वतःच्या ताटातली भाकरी अनाथ नायकाला देते, परक्या म्हाताऱ्याचे पाय चेपते, आणि नवव्या रिळात मरते. मरताना ती म्हणते, “माझ्या दाराला कडी लावू नका.” या वाक्याला कल्याणच्या चित्रगृहात रडला नाही असा एकच गृहस्थ माझ्या माहितीत आहे, व तो बहिरा होता.

त्या चित्रगृहाचे यंत्रचालक श्री. अँब्रोज परेरा यांनी माझ्या विनंतीवरून घड्याळ लावून मोजदाद केली. जनाकाकू पडद्यावर एकंदर साडेनऊ मिनिटे आहेत. पैकी चार मिनिटे त्या कोणाला ना कोणाला काही देत असतात, दोन मिनिटे डोळे पुसतात, आणि उरलेली साडेतीन मिनिटे मरतात.

माझे आयुष्य न्यायशास्त्र शिकण्यात आणि शिकवण्यात गेले. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान त्या शास्त्राच्या पहिल्या पायरीवर बसलेले आहे. त्याच रीतीने आम्ही व्याप्ती बांधली : जेथे असे अश्रू, तेथे तशी करुणा. अश्रू चार आण्यांच्या जागेवरून स्पष्ट दिसले होते. करुणा आमच्याच गावात भाड्याने राहत होती. निष्कर्ष उघड होता.

अँब्रोज तेवढे आडवे गेले. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, ते उजेडाचं काम आहे हो. मी मशीन बंद केलं की कसली काकू न कसली भाकरी. भिंत राहते नुसती.”

ते ठाण्याचे असल्यामुळे त्यांचे मत विचारात घेतले गेले नाही.

या सोयीचा पहिला लाभ घेण्याचा मान मला मिळाला. माझी वृद्ध आत्या, गोदाआत्या, वय अठ्ठ्याहत्तर, अकरा वर्षे माझ्याकडे राहत होती. तिचे गुडघे गेले होते, दृष्टी जात होती, भूक मात्र होती. माझ्या कुटुंबाची प्रकृती नाजूक. त्यांना कोणी सारखे हाक मारलेली सोसत नसे. मी आत्याला तिच्या गाठोड्यासह घेऊन उत्तराबाईंच्या दाराशी गेलो आणि म्हणालो, “चार दिवसांचा प्रश्न आहे.”

“शास्त्रीबुवा, मला उद्या पहाटे काम आहे हो,” त्या म्हणाल्या.

चित्रपटात जनाकाकूही प्रथम असेच काही म्हणते, असे मला आठवले. (अँब्रोज म्हणतात, म्हणत नाही.) एवढ्यात आत्या गाठोडे छातीशी धरून पायरीवर बसली. उत्तराबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि गाठोडे आत नेले. मी कृतार्थ होऊन परतलो. वाटेत सात जणांना ही गोष्ट सांगितली, कारण पुण्य लपवू नये.

महिन्याभरात त्या दोन खोल्यांत नऊ माणसे झाली. कोणाचे सासरे, कोणाची परीक्षेला बसलेली मुले, आणि आंबिवलीहून लग्नाला आलेला व लग्न मोडल्यामुळे परत कधी जावे हे न कळलेला एक पाहुणा. गर्दीत गरजूंवर अन्याय होऊ लागला, तेव्हा या दयेचे नियमन व्हावे म्हणून समिती स्थापन करणे प्राप्तच झाले. अध्यक्ष मी. कार्यवाह ठाण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले त्र्यंबकराव बर्वे, ज्यांचे अक्षर सुंदर आहे व ज्यांचे वडील उत्तराबाईंच्या स्वयंपाकघरात झोपत.

अर्ज दोन प्रतींत घेतले जात. अर्जदाराने चित्रपट किती वेळा पाहिला, कोणत्या प्रसंगी रडू आले, आणि किती माणसे पाठवायची आहेत, एवढेच विचारले जाई. चार महिन्यांत एकसष्ट अर्ज आले. अठ्ठावन्न मंजूर झाले, तीन फेटाळले. (एका अर्जदाराने रडू आल्याचे प्रसंग चुकीचे लिहिले होते. दुसऱ्याने बैल पाठवण्याची परवानगी मागितली होती. तिसरा अर्ज स्वतः उत्तराबाईंचा होता. त्यांना रविवारी सुटी हवी होती.)

पाणी आणणारी शेवंती रोजच्या सहा घागरींवरून चौदा घागरींवर गेली. ती आगरी वस्तीतली, जिभेची मोकळी. “बाय, सिनेमात मेलीस ती सुटलीस,” ती उत्तराबाईंना माझ्यासमोर म्हणाली. “हितं तर ही लोका तुला मरू पन नाय देनार.”

आमचे गाव या अवस्थेत सुखाने नांदत असता कार्तिक महिन्यात कोल्हापूरहून एक पत्र आले. एका नव्या चित्रपटात उत्तराबाईंना मुख्य भूमिका देऊ केली होती. साडेनऊ मिनिटांची नव्हे. पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत. भूमिका एका दुष्ट सुनेची, जी घरातल्या म्हातारीला छळून छळून बाहेर काढते. बारा तारखेच्या सकाळी कल्याणहून पुण्याची गाडी धरायची. न आल्यास ते काम दुसऱ्या बाईंना जाणार होते. काम चाळीस दिवसांचे होते.

उत्तराबाई पत्र घेऊन समितीपुढे आल्या. त्या दिवशीचे इतिवृत्त त्र्यंबकरावांनी लिहिले आहे. मी ते स्मरणाने पुरे करतो.

“वीस वर्षं मी पाण्याचे तांबे आणून ठेवतेय,” त्या म्हणाल्या. “नायिकेची आई, नायिकेची मावशी, नायिकेची मोलकरीण. पहिल्यांदा कोणी मला अख्खं माणूस करायला दिलंय. चाळीस दिवस तुम्ही आपापली माणसं घरी न्या. एवढंच.”

“अहो, पण जनाकाकूंनी म्हातारीला छळायचं म्हणजे काय!” त्र्यंबकराव म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

“मी जनाकाकू नाही. जनाकाकू नवव्या रिळात मेली.”

“तो दिग्दर्शकाचा निर्णय होता. समितीने त्यास मान्यता दिलेली नाही.”

“बर्वे, तुमच्या वडिलांना रात्रीतून चार वेळा मोरीवर कोण नेतं?”

“त्याबद्दल समिती आपली ऋणी आहे. तसा ठराव सोमवारीच झाला.”

उत्तराबाईंनी माझ्याकडे पाहिले. “शास्त्रीबुवा, तुम्ही तरी सांगा. आत्यांना चाळीस दिवस न्याल?”

मी म्हणालो की वैयक्तिक प्रश्न सभेत उपस्थित करणे नियमाला धरून नाही.

मग सर्वानुमते ठरले : ज्या व्यक्तीच्या दयेवर एकतीस कुटुंबे अवलंबून आहेत, तिने दुष्टपणाचे काम पत्करणे हा विश्वासघात होय. सबब उत्तराबाईंनी बारा तारखेस सकाळी सात वाजता समितीसमक्ष हमीपत्रावर सही करून द्यावी, की त्या यापुढे कोणत्याही चित्रपटात कोणाशीही वाईट वागणार नाहीत. (गाडी सव्वाआठची होती. सातची वेळ त्र्यंबकरावांनी योगायोगाने सुचवली.)

बारा तारखेस आम्ही वेळेवर हजर झालो. समितीचे पाच सभासद, मागे अर्जदारांपैकी पंचवीस-तीस माणसे. हमीपत्र, दौत आणि टाक मी स्वतः नेले होते. पायऱ्यांवर उत्तराबाईंची ट्रंक बांधून ठेवलेली दिसली. दार उघडे होते. आत उंबऱ्यालगत गोदाआत्या पाटावर बसली होती.

उत्तराबाई बाहेर आल्या. त्यांनी पदर खोचला, एक हात चौकटीला टेकला, आणि इतके दिवस पाहिलेला तो चेहरा आम्हाला दिसेनासा झाला. त्या जागी दुसरेच कोणी उभे होते. आवाज चढलेला नव्हता. तसा असता तर बरे वाटले असते.

“किती वेळा खायचं एका दिवसात?” त्या आत पाहून म्हणाल्या. “पचत नाही म्हणून कण्हायचं, आणि पुन्हा ताटावर यायचं. कण्हायचंच असेल तर मोरीत जाऊन कण्ह. इथे माणसं झोपतात.”

त्र्यंबकराव एक पायरी खाली उतरले.

“आणि मरायचं असेल तर आज नको,” त्या पुढे म्हणाल्या. “आज पाहुणे आहेत.”

येथे त्या किंचित अडखळल्या. तेवढ्यात उंबऱ्याआडून आत्याने हळूच सांगितले, “चष्मा.”

“हां. चष्मा कशाला हवाय? आता काय पाहायचं राहिलंय तुझं?”

वाक्यरचना मला परिचित वाटली. भाषेचा अभ्यास असला की असे होते.

मग त्यांनी आमच्याकडे मान वळवली. “तुमची माणसं आहेत ना आत? मला दोन खोल्या झाडून घ्यायच्या आहेत. केर आणि माणसं मी वेगळी करत बसणार नाही.”

पुढील पाऊण तासात त्या दोन खोल्यांतून सर्व माणसे, गाद्या, औषधांच्या बाटल्या आणि आंबिवलीचा पाहुणा हलवण्यात आला. त्र्यंबकरावांनी वडिलांना अक्षरशः खांद्यावर घेतले. “काय ही बाई! साक्षात कैदाशीण!” असे ते म्हणत होते. चार महिने या बाईने आपल्या वडिलांना रात्री चार-चार वेळा मोरीवर नेले होते, हे त्या क्षणी त्यांना आठवत नव्हते, आणि ते स्वाभाविकच होते. ताजे प्रमाण जुन्या प्रमाणाहून बलवान मानावे लागते. डोळ्यांनी दुष्टपणा पाहिला, म्हणजे दुष्टपणा आहे. आमचे शास्त्र शेवटपर्यंत निर्दोष राहिले.

मीही आत्याला नेण्यास पुढे झालो.

“चल, आत्या.”

“मी येत नाही रे वामन. मी कोल्हापूरला जाते. बाईंना वाक्यं सांगायला माणूस हवंय.”

“तू? तुला काय येतं त्यातलं?”

“ही आत्ताची सगळी मीच दिली,” आत्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी सुगरण फराळाचे डबे मोजते तसा भाव होता. “अकरा वर्षांची आहेत. अजून पुष्कळ आहेत.”

शेवंतीने ट्रंक डोक्यावर घेतली. उत्तराबाईंनी आत्याला हाताला धरून टांग्यात बसवले, तिच्या गुडघ्यांखाली घडी करून घोंगडी ठेवली, आणि स्वतः पुढे बसल्या. त्यांचा चेहरा तोवर पुन्हा नेहमीसारखा झाला होता. परंतु ते पाहण्यास माझ्याखेरीज मागे कोणी उरले नव्हते.

दुसऱ्या वर्षी तो चित्रपट कल्याणला लागला. आम्ही सर्व पाहावयास गेलो, निषेध करण्यापूर्वी पाहणे आवश्यक असल्यामुळे. पहिल्या दोन रिळांत प्रेक्षक संतापून ओरडत होते. तिसऱ्या रिळात चष्म्याचे वाक्य आले, आणि चित्रगृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. मी शेजारी पाहिले. त्र्यंबकराव घामाघूम झाले होते. त्यांच्या पलीकडे एक अनोळखी सद्गृहस्थ पत्नीला दबक्या आवाजात विचारत होते, “आपल्या घरातलं यांना कोणी सांगितलं?”

पुढील पंधरवड्यात समितीकडे चौदा लेखी तक्रारी आल्या. आपल्या घरात खासगीत बोललेले वाक्य विनापरवानगी चित्रपटात वापरले, असा सर्वांचा आशय होता. अकरा तक्रारी त्या एकाच वाक्याविषयी होत्या. वाक्य नक्की कोणाच्या मालकीचे, हे ठरवता न आल्यामुळे समिती विसर्जित करण्यात आली. पंधरावी तक्रार मी लिहून ठेवली होती. ती पाठवली नाही. अध्यक्षाने स्वतःकडे तक्रार करणे नियमात बसत नाही.

वाचकांपैकीही कोणाला वरील वाक्यांतील एखादे ओळखीचे वाटले असेल. त्यांनी पत्र पाठवू नये. त्यापेक्षा आतल्या खोलीत कोणी मघापासून काही मागत असेल तर आधी देऊन यावे. लेख तेवढा वेळ थांबेल.

आपण उठला नाहीत. हरकत नाही. मीही अकरा वर्षे उठलो नव्हतो.

असो. उत्तराबाईंना यापुढेही अख्खी माणसे करावयास मिळोत. गोदाआत्याला परगावी गरम अन्न व सावकाश बोलणारी सोबत लाभो. त्र्यंबकरावांच्या वडिलांना शांत झोप येवो, आणि त्र्यंबकरावांना ती मोडल्यास राग न येवो. आणि आपणा सर्वांस जे म्हातारपण येणारच आहे, ते येताना सौम्य येवो.