पळून न जाणारा चेहरा

न्हावऱ्याच्या पुढे एसटीने मान टाकली, तेव्हा नागसेन सरांच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट होता आणि अकरा वाजता दौंडच्या कॉलेजात मुलाखत होती. शिरूरला तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवून सरांची उमेद संपत आली होती. ही जागा कायमची होती. प्रबंधाचा विषय, निर्णय घेण्याविषयीची कोडी. असल्या कोड्यांचा कॉलेजच्या फाटकाबाहेर उपयोग काय, हे समिती विचारणारच, म्हणून सरांनी उत्तर घोकून ठेवलं होतं.

तेवढ्यात कांद्याच्या गोण्यांनी भरलेला पिकअप थांबला. चालवणाऱ्या पोपटरावांनी मुंडकं बाहेर काढलं.

"दौंडला सोडतो, पावनं. पर आज हमाल आला न्हाई. गोण्या उतरवाया हात लावावा लागंल."

"लावतो की, मामा."

"समदे आसंच म्हनत्यात. कोन पळनार, ते म्या त्वांड बगूनच वळखतो."

सर चमकले. हे तर प्रबंधातलंच कोडं! वाटेत अडकलेला माणूस आणि चेहरा वाचणारा गाडीवान. मुक्कामी पोचल्यावर शब्द पाळण्यात माणसाचा काडीचा फायदा नाही; पण पाळणार नाही हे चेहऱ्यावर दिसलं, तर गाडीवान गाडीत घेतच नाही. म्हणून शहाण्याने खरोखरच शब्दाचा पक्का व्हावं, असा सरांचा निष्कर्ष होता. सर डोळे मिटून तिथल्या तिथे पक्के झाले. मुलाखतीचं मात्र त्यांनी नावही काढलं नाही. घाईतला माणूस पळणार, हे कोणीही ताडलं असतं.

वाटभर त्यांनी चेहरा प्रामाणिक ठेवला.

"पोटात दुखतंय का, पावनं?"

"नाही, मामा."

दौंडला आडतीसमोर गाडी लागली तेव्हा अकरा वाजत आले होते. कॉलेज हाकेच्या अंतरावर होतं आणि पोपटराव पाठमोरे होते. सरांचा एक पाय तिकडे वळलादेखील. पण आता पळालो तर सगळा प्रबंधच खोटा, या विचाराने त्यांनी बाह्या वर केल्या आणि पहिली गोणी पाठीवर घेतली. कॉलरमध्ये टरफलं गेली, इस्त्रीची रया गेली.

शेवटची गोणी उतरली आणि फोन वाजला. कॉलेजातून होता. "सर, तुमचं नाव कितीदा पुकारलं! आत्ताच समिती उठली."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळे असेल, असं समजून शेजारच्या गाडीवरच्या हमालांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पोपटरावांनी मात्र दिलं.

"काय झालं ओ?"

"मुलाखत होती, मामा. कायमच्या जागेची."

"आन् हितं गोण्या उतरवत बसला व्हय?"

"शब्द दिला होता. मनात पळायचं असतं तर तुम्ही तोंडावरून ओळखलं असतं."

पोपटरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आवो, तोंडावरनं काय डोंबल कळतंय! म्या समद्यांनाच घेतो, आन् समदे उतरल्यावर पळत्यात. वाटंला सोबत व्हती, येवडंच. मुलाखत हाय म्हनला असता, तर आदी कॉलेजाच्या दारात सोडलं नसतं का तुमाला?"