भगवंतरावांचा लाल गोल

"बघ, नीट बघ! माझ्या प्लॉटवर स्मशानभूमी टाकलीय लेकाच्यांनी!" असं म्हणत भगवंतराव शेजवळांनी नकाशाची झेरॉक्स ताटाशेजारी पसरली आणि तिचा एक कोपरा आमटीत बुडाला.

सरस्वतीबाईंनी आधी आमटीची वाटी उचलली, मग नकाशा. "कुणाच्या प्लॉटवर?"

"माझ्या!"

प्लॉट अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोलीला होता, तीन गुंठ्यांचा, मधोमध जांभळाचं झाड असलेला, आणि खरं सांगायचं तर सरस्वतीबाईंचा. त्या शाळेत बाई होत्या. आपल्या फंडातून त्यांनी तो घेतला होता आणि सातबाराही त्यांच्याच नावचा होता. पण गेली सहा वर्षं भगवंतराव उल्हासनगरच्या अख्ख्या कॅम्प तीनला 'माझा प्लॉट' असंच सांगत आले होते. बाईंनी चारचौघांत त्यांना कधी तोडलं नव्हतं. जाऊ द्या, म्हणायचं तर म्हणू देत बापडे!

घराची ओढ मात्र दोघांना सारखीच. त्यांच्या खोलीच्या डोक्यावर टेकचंदचा जीन्सचा कारखाना होता. सकाळी आठला वरच्या बारा मशिनी एकदम सुरू झाल्या की फडताळातल्या वाट्या आपोआप कडेला यायच्या. दिवाळीनंतर पाया घालायचं ठरलं होतं, आणि ऐन वेळी, २००४ च्या त्या उन्हाळ्यात, अंबरनाथ नगरपरिषदेने विकास आराखडा जाहीर केला. कुठे घरं, कुठे शाळा, कुठे बाग, सगळं त्यात ठरलेलं. ज्याला पटत नसेल त्याने महिन्याभरात 'हरकती व सूचना' द्याव्यात.

ऑफिसातल्या भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर ही झुंबड. म्हणून भगवंतरावांनी समोरच्या दुकानातून झेरॉक्स आणली होती. तिच्यात अक्षरं पार काळी पडलेली. दिसत होतं ते एवढंच: मधून उभी रेल्वे, तिला आडवा छेदणारा नाला आणि डावीकडे, नाल्याच्या खाली, रेघारेघांचा चौकोन. तो चौकोन म्हणजे स्मशानभूमी, हे दुकानदाराने फुकटात सांगितलं होतं.

"पण तो आपल्याच प्लॉटवर कशावरून?" बाईंनी विचारलं.

"साधी गोष्ट आहे. आपण उल्हासनगरहून बदलापूरकडे जातो. म्हणजे बदलापूर पुढे. पुढचं ते वर. जाताना प्लॉट डाव्या हाताला, नाल्याच्या अलीकडे. हा बघ डावा हात, हा नाला, हा चौकोन. संपलं!"

"अहो, पण नकाशात वर उत्तर असते. म्हणजे वर अंबरनाथ यायला हवं."

"तो शाळेतला नकाशा. हा नगरपरिषदेचा आहे."

"चौथीतल्या पोरांनासुद्धा येतं हो हे."

"चौथीतली पोरं प्लॉट घेतात का? मला नकाशे शिकवू नकोस सरू, वीस वर्षं ड्रॉइंग सेक्शनमध्ये काढलीत मी."

काढली होती, पण हजेरीच्या टेबलावर. बाईंना पेपर तपासायचे होते. एक हरकत दिल्याने कुणाचं काय बिघडतंय, असं म्हणून त्यांनी विषय सोडला. इथेच त्या चुकल्या.

दुसऱ्या दिवसापासून भगवंतराव सह्या गोळा करू लागले. टेकचंद तर ऐकूनच पेटला. "साईं, टेन्शन कायको? सही पाहिजे ना? ए, सब लोग मशीन बंद करो!" कारखान्यातल्या सगळ्या कारागिरांनी सह्या केल्या. कुणाला वाटलं पाण्याचा अर्ज आहे, कुणाला वाटलं रेशनचा. चिखलोली बघितलेला त्यांत एकही नव्हता. गल्लीभर हिंडून सह्या भरल्या एकशे बारा.

नगरपरिषदेच्या खिडकीत नाथा भोईर नावाचा कारकून होता. त्याने अर्ज उलटापालटा करून पाहिला. "काका, नुसती हरकत देऊन काय व्हनार? नको तर सगलेच बोलतान. ह्यो सूचनेचा रकाना बघा, रिकामाच हाय. मसनवटा तिथं नको, तर मंग कुठं न्यायचा, ता बी लिवा ना."

भगवंतरावांना ते एकदम पटलं. कुणाचं नुकसान करायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, आपला प्लॉट सोडून बरोबर उलट बाजूला, रुळांपलीकडे, नाल्याच्याही पलीकडे ठसठशीत गोल काढला आणि लिहिलं: 'येथे नुसते गवत असून कोणाचेही काही जात नाही. तरी स्मशानभूमी येथे हलवावी.' घरी आल्यावर गोलाबद्दल ते काही बोलले नाहीत. सुनावणीच्या दिवशीच बायकोला थक्क करायचं होतं ना!

सुनावणीला नगररचनेचे साहेब अर्ज वाचून खूश झाले. "शाबास! दोनशे अर्ज आले, नुसतं नको, नको. कुठे हवं ते सांगणारे तुम्ही पहिले. वर एकशे बारा सह्या. जागाही मोक्याची आहे. समितीची हरकत दिसत नाही."

भगवंतरावांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. बाई मात्र भिंतीवरच्या रंगीत नकाशाकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे बघा," साहेबांनी पट्टी ठेवली, "हे वर अंबरनाथ, हे खाली बदलापूर. रुळांच्या पूर्वेला, नाल्याच्या अलीकडे, हा तुमचा लाल गोल. जांभळाचं एक झाड आहे तिथे, ते काढावं लागेल."

"जांभळाचं?" भगवंतराव टेबलावर वाकले. "अहो साहेब, जांभूळ माझ्या प्लॉटवर आहे!"

"मग तुम्ही स्वतःची जागा देताय? मोठं मन आहे!"

"देत नाही हो! मग तो चौकोन? आधी माझ्या प्लॉटवर काय होतं?"

"काही नव्हतं. पिवळा रंग. निवासी. खुशाल घर बांधा असं होतं."

भगवंतरावांनी झेरॉक्स सुलटी धरली, उलटी धरली, शेवटी स्वतःच तिच्याभोवती फिरले. काही केल्या चौकोन प्लॉटवर येईना आणि गोल प्लॉटवरून हलेना. "मी सूचना मागे घेतो," ते कसेबसे म्हणाले.

"एकशे बारा लोकांची सूचना तुम्ही एकटे कशी मागे घेणार?"

आता मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं त्या झाडाखाली पाय पसरून त्यांनी खोल्या आखल्या होत्या, आणि आपल्याच हातांनी तिथे सरण रचलं होतं!

"माझी हरकत आहे," मागून आवाज आला. सरस्वतीबाई उभ्या राहिल्या. पर्समधून त्यांनी सातबारा काढून टेबलावर ठेवला. "जमीन माझी आहे. मला कुणी विचारलेलं नाही."

साहेबांनी सातबारा वाचला. "बरोबर. मालकाचं म्हणणं ऐकावंच लागेल. हे अर्जदार तुमचे कोण?"

"नवरा."

"ते झालं घरचं. या जमिनीशी त्यांचा काय संबंध?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. भगवंतराव जोरजोरात मान हलवून त्यांना नाही म्हण, नाही म्हण, असं खुणावत होते.

"काही संबंध नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं: 'सूचना करणाऱ्याचा सदर जमिनीशी काहीही संबंध नसल्याने सूचना फेटाळण्यात येत आहे.' भगवंतरावांनी त्या कागदाची प्रत मागून घेतली, घडी घालून छातीशी धरली आणि बाहेर येऊन बायकोला उसाचा रस पाजला.

दीड वर्षाने घर उभं राहिलं, जांभळाला धक्का न लावता. पाटीवर एकच नाव होतं: सरस्वती शेजवळ. भगवंतराव कुरकुरले, "खाली बारीक अक्षरांत माझंही चाललं असतं." बाईंनी कपाटातून तो कागद आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, परत दिला आणि पाटी ठोकायला हातोडी घेतली.

"कुठे लावू?"

"दाराच्या डाव्या बाजूला."

भगवंतराव उंबऱ्यात उभे राहिले. एकदा तोंड आत करून बघितलं, एकदा बाहेर करून बघितलं.

"सरू," ते म्हणाले, "डाव्या बाजूला म्हणजे, आत येताना की बाहेर जाताना?"

बाईंनी त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली.