मरेल ती चिप कसली!

"ही चिप मेली, तर मी मिशा ठेवीन!" उपग्रह बनवणाऱ्या ताईंनी अख्ख्या प्रयोगशाळेसमोर जाहीर केलं.

चिप साधी, बाजारातली. कपडे धुण्याच्या यंत्रात बसते तसली. ताईंना ती उपग्रहात बसवायची होती. आता अवकाशात किरणांचा असा मारा असतो, की भल्याभल्या चिपा भ्रमिष्टासारख्या बरळू लागतात! "उपग्रहाला खास अवकाशासाठी घडवलेली खानदानी चिपच हवी," असा साहेबांचा हेका. पण ती खानदानी बया येईपर्यंत रॉकेट गंजून गेलं असतं.

शेवटी ठरलं, चिपवर तसलीच किरणं सोडून बघायची. टिकली तर उडेल, नाहीतर उपग्रहाचं काम गुंडाळायचं.

जाड भिंतींच्या खोलीत चिप ठेवली. तिच्या चुका मोजणारा संगणक तिथेच, पण किरणं लागू नयेत म्हणून शिशाच्या विटांआड. दार लावून मंडळी बाहेर, आतलं कॅमेऱ्यातून दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसली. किरणं सुरू झाली.

चुका शून्य. अजून शून्य. ताई ऐटीत खुर्चीत रेलल्या, आणि आकडे उधळले! शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखे!

"मेली!" साहेब ओरडले. आवाजात दुःख औषधालाही नव्हतं. "मेली हो, मेली!"

"काही मेली नाही! मारा चालू ठेवा!"

"अहो, किती माराल बिचारीला?"

"मी सांगते ना, मारा!"

प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या पहारेकऱ्याने एवढंच ऐकलं. त्याने थेट रुग्णवाहिकाच बोलावली! बघता बघता स्ट्रेचर दारात.

"मेलेल्या बाई कुठायत?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं.

"मी धडधाकट आहे!" ताई कडाडल्या. पण किरणांच्या यंत्रावरच्या ऑपरेटरने घाबरून तोवर लाल बटण दाबलं होतं. किरणं बंद झाली, दार उघडलं. ताई तरातरा आत गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"इथल्या विटा कुणी हलवल्या?"

साहेब खाकरले. "कॅमेऱ्यातून संगणकाचा पडदा नीट दिसत नव्हता, म्हणून मीच जरा..."

"म्हणजे बरळतोय तो तुमचा संगणक! माझी चिप नव्हे!"

दुसरा संगणक आणून जोडला. चिप तपासली. एकही चूक नाही! विटा जागेवर लावून ताईंनी पुन्हा मारा करायला लावला. चिप ढिम्म हलली नाही. पहारेकऱ्याने टाळ्या वाजवल्या. स्ट्रेचरवाले रिकामेच परत गेले. साहेबांनी तोंड वाकडं करून परवानगीवर सही ठोकली.

ताईंनी त्याच दिमाखात दुकानदाराला फोन लावला. "तीच चिप हवी. भरपूर पाठवा!"

"ती होय? ती कंपनीने बंद केली, ताई. आता नवी आलीय. दिसायला अगदी तश्शीच, आतून काय ते देव जाणे!"

साहेब कान देऊन ऐकतच होते. ताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, पदर खोचला आणि फोनमध्ये म्हणाल्या, "पाठवा नवी. तिलाही मारून बघते!"