कुशीवर झोपणाऱ्यांसाठी ऐसपैस बॅग

माणसाच्या आयुष्याचा एक तृतीयांश भाग झोपेत जातो. उरलेले दोन तृतीयांश कशात झोपावं हे ठरवण्यात घालवायचे, याला आमच्या काउंटीत एल्कची शिकार म्हणतात.

शिकार आमच्याकडे फार पवित्र मानतात. (हंगामात चर्चमधलं प्रवचन सात मिनिटांवर येतं. प्रवचनासाठी हंगाम आखडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. उत्तरेकडच्या खोऱ्यात त्यातला नर मारायचा तर सरकारी सोडतीत परवाना लागावा लागतो. दरवर्षी अर्ज करायचा, नाही लागला की एक गुण मिळतो. गुण साठता साठता केस पांढरे झाले की परवाना लागतो, आणि लागला की सगळे गुण शून्य. माझ्या धाकट्या बहिणीच्या, मर्नाच्या, नवऱ्याने, डेल्मर हॅस्कलने, बावीस वर्षं गुण साठवले. यंदा जूनमध्ये परवाना लागला तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. पुढचा परवाना ऐंशीव्या वर्षी, प्रकृती अनुकूल असल्यास.

त्याचे वडील त्र्याऐंशीचे. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, हा शेवटचा डोंगर.

"मला काही मारायचं नाही," म्हातारबाबा म्हणाले. "पोराला मारताना बघायचंय, बस."

डेल्मर त्याच दिवशी तयारीला लागला. तयारी म्हणजे बॅग. डेल्मर डाव्या कुशीवर झोपतो, गुडघे पोटाशी घेऊन. बाजारातल्या निमुळत्या स्लीपिंग बॅगा मात्र हात छातीवर ठेवून उताण्या निजणाऱ्यांसाठी, म्हणजे मुख्यतः मृतांसाठी, शिवलेल्या असतात. हा अन्याय आजवर कोणाच्या लक्षात कसा आला नाही, या विचाराने त्याची झोप उडाली. जुलैपर्यंत त्याने काउंटीतल्या एकेचाळीस शिकाऱ्यांची पाहणी केली. कुशीवर झोपणारे एकोणतीस, उताणे सात, "मी डोंगरात झोपतच नाही" म्हणणारे चार (हे चौघेही घोरतात), आणि उत्तर देण्याआधी वकिलाला विचारतो म्हणणारा एक.

दुकानदार क्लीट वार्नर हा या विषयातला जाणकार. त्याने विचारलं, "गुडघ्यांना किती जागा लागते तुला?"

"घरी मर्नाची अर्धी गादी लागते."

"मग हीच घे. कमरेत ऐसपैस, पायात ऐसपैस. साध्या बॅगेत कुशी बदलली की बॅगही सोबत वळते. हिच्यात तसं नाही. बॅग जागच्या जागी, फिरायचं तू."

"वजन?"

"तुझ्या जुन्या बॅगेपेक्षा पंच्याऐंशी ग्रॅम कमी."

डेल्मरच्या डोळ्यांत पाणी आलं. (डॉक्टर सांगतात त्यापेक्षा डेल्मर अठरा किलो जास्त भरतो. पण ते वजन पोटावर असतं, पाठीवर नाही, त्यामुळे सामानात धरत नाहीत.)

तरीही घाई नको म्हणून सप्टेंबरात चर्चच्या तळघरातल्या सभागृहात सामूहिक चाचणी झाली. चौदा प्रौढ पुरुष चौदा बॅगांमध्ये ओळीने कुशीवर निजले. आम्ही बायका घेवड्याची पातेली घेऊन त्यांच्यावरून ढांगा टाकत होतो. आमचे वृद्ध पाद्री जिना उतरून आले, ओळ पाहिली आणि तिथल्या तिथे शेवटची प्रार्थना म्हणू लागले. कोणीतरी उठून त्यांना थांबवायला हवं होतं, पण गुडघा चाचणीची पाच मिनिटं व्हायची होती.

म्हातारबाबांचं अंथरूण म्हणजे लोकरीच्या दोन घोंगड्या आणि एक ताडपत्री, दोरीने बांधलेली. त्याला गुण देण्यास परीक्षकांनी नकार दिला.

"आणि बंदूक कधी काढणार कपाटातून?" मर्नाने विचारलं. "चार गोळ्या तरी झाडून बघ."

"अगं, नेम झोपेवर असतो. झोप झाली की हात थरथरत नाही."

"सव्वीस वर्षं तुझं घोरणं ऐकतेय मी. हात थरथरलेला एकदाही नाही पाहिला."

पण बहीण माझी भाबडी. माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, त्याला तिकडे शांत झोप लागावी म्हणून प्रार्थनेचा नेम धर गं." हंगाम नऊ दिवसांचा आणि माझा नेमही नऊ दिवसांचा. मी रोज पहाटे गुडघे टेकले आणि तेच मागितलं, शब्दाला शब्द.

प्रार्थना ऐकली गेली. डोंगरातून मर्नाला उपग्रहावरून रोज एक निरोप यायचा. पहिला दिवस : "नऊ तास झोप. डावा खुबा ठणठणीत." चौथा : "दहा तास. आत दोनदा कुशी बदलली, बॅग हलली नाही. क्लीटला सांग." सहावा : "बाबा पहाटे चारला उठून एकटेच टेकाडावर बसतात. त्यांची झोप कमी झालीय. काळजी वाटते."

एल्कचा उल्लेख एकाही निरोपात नव्हता.

नवव्या पहाटे काय झालं ते म्हातारबाबांनी एकदाच सांगितलं, परतल्यावरच्या रविवारी, चर्चच्या पायरीवर, टोपी हातात धरून. उजाडताना ते टेकाडावरून खाली आले. बॅगेशेजारी बसून हलकेच म्हणाले,

"डेल्मर."

"हं."

"साठ पावलांवर उभा आहे."

"कोण?"

"तुझी बावीस वर्षं."

बॅगेत हालचाल झाली. डेल्मर डावीकडे वळला, उजवीकडे वळला, पुन्हा डावीकडे वळला. ऐसपैस बॅगेचा गुण असा की माणूस आत कितीही फिरला तरी दार जिथे होतं तिथेच राहतं.

"बाबा, चेन कुठे गेली?"

"जिथे होती तिथेच आहे. तू फिरलायस."

भरलेली बंदूक म्हातारबाबांच्या मांडीवर होती, पोराच्या हातात द्यायला काढलेली. साठ पावलं म्हणजे त्यांना आजही काही नाही. पण परवाना एकाच्या नावे आणि चाप दुसऱ्याने ओढायचा, हे आमच्याकडे चोरीत धरतात. त्यांनी एका हाताने बंदूक आवरली, दुसऱ्याने चेन शोधली. ती डेल्मरच्या पाठीखाली दबली होती. चार मिनिटं गेली. एल्क कुतूहलाने दहा पावलं जवळ आला, सुरवंटासारखी वळवळणारी ती वस्तू त्याने नीट पाहिली, आणि घाई न करता झाडीत गेला.

"शिंगांची टोकं मोजली मी," म्हातारबाबा म्हणाले. "दोन्ही बाजूंना सात-सात." मग टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसले.

त्याच रविवारी आत सभागृहात डेल्मरने सगळी हकिगत सांगितली, काही न लपवता. ऐकताना पुरुषांचे चेहरे उतरले. एवढी शांतता मी गुड फ्रायडेलाही पाहिलेली नाही. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, बाहेर गाडीपर्यंत जाईल, म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसेल.

मागून एकाने हात वर केला. "चेन डावीकडची होती की उजवीकडची?"

मग सगळेच बोलू लागले. क्लीटने त्या आठवड्यात अकरा बॅगा विकल्या, सगळ्या उजव्या चेनच्या.

मी त्यांना हसत नाही. नऊ दिवस मीही झोपच मागत होते. आणि तुम्हालाही, वाचता वाचता, आपण कोणत्या कुशीवर निजतो हे आठवून झालं असेल. ती बॅग कुठल्या कंपनीची, हे विचारायचं तेवढं राहिलंय. ते मी सांगणार नाही.

म्हातारबाबांचं नाव एमेट. ते कोणी विचारलंच नाही.